घरचा सर्व्हर बाहेरून गाठायचा आहे, पण पोर्टच बंद आहेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीला आईवडिलांच्या घरी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून सर्व्हर केला आहे. त्यावर फोटोंचा बॅकअप, दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि थोडे स्वतःचे प्रयोग चालतात. प्रश्न विचारणारे पुण्यात नोकरीला आहेत. राउटरमध्ये पोर्ट २२ फॉरवर्ड केला (म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर बाहेरून येणारं कनेक्शन सर्व्हरकडे वळवलं), डायनॅमिक डीएनएसचं नाव (पत्ता बदलला तरी तेच राहणारं नाव) घेतलं, घरच्या वायफायवरून एसएसएच (दूरच्या यंत्रावर टर्मिनलने लॉगिन करण्याची सुरक्षित पद्धत) नीट होतं, पण पुण्याहून 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं. पोर्ट २२२२ करून पाहिला, तरी तेच. ऑफिसच्या नेटवरून तर कुठल्याच सर्व्हरला एसएसएच होत नाही. आणि शेवटी विचारलं आहे, "नक्की कोणता पोर्ट उघडा असतो?"

पोर्टच्या आकड्याचा विचार आधी बाजूला ठेवा. तुमच्याकडे दोन वेगळे अडथळे आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे आकडे बदलत बसण्याची वेळ आली आहे. एक अडथळा सांगलीच्या बाजूला आहे, बाहेरून आत येणाऱ्या कनेक्शनसाठी. दुसरा ऑफिसच्या बाजूला, आतून बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. कित्येकदा तर दोघांच्या मागण्या उलट्या असतात: घरचा इंटरनेट पुरवठादार ४४३ आत येऊ देत नाही आणि ऑफिस ४४३ सोडून काही बाहेर जाऊ देत नाही. अशा वेळी थेट जोडणी होईल असा एकही पोर्ट नसतो. मध्ये तिसरं यंत्र आणावंच लागतं.

आधी सांगलीची बाजू तपासू.

एररचा मजकूर नीट वाचा, त्यात बरंच काही असतं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर तुमचं पॅकेट (नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा) कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचलं आणि तिथून स्पष्ट नकार आला. म्हणजे रस्ता आहे, पलीकडे ऐकणारं कोणी नाही किंवा फायरवॉलने नकार कळवला. 'टाइम्ड आउट' म्हणजे पॅकेट वाटेत कोणीतरी गिळलं आणि उत्तरच दिलं नाही. तुम्हाला दोन्ही पोर्टवर टाइम-आउट मिळतोय, त्यामुळे एसएसएचच्या सेटिंगमध्ये शोधण्यात अर्थ नाही. त्या सेटिंगपर्यंत पॅकेट गेलेलंच नसावं.

चाचणी नेहमी बाहेरून करायची. घरच्या वायफायवर बसून डायनॅमिक डीएनएसचं नाव टाकलं तर काही राउटर ते आतल्या आत वळवतात आणि काही वळवत नाहीत, त्यामुळे निकाल फसवा निघतो. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर टर्मिनलचं ॲप उघडा आणि तिथून प्रयत्न करा. पुढच्या वेळी सांगलीला गेलात की हे करताना सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावून ठेवा आणि पोर्ट २२ कडे काही येतंय का बघा. पॅकेट दिसलं पण उत्तर जात नसेल, तर लॅपटॉपवरचा यूएफडब्ल्यू, म्हणजे उबुंटूची फायरवॉल, तपासा. काहीच दिसलं नाही, तर अडथळा राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे आहे.

आता खरी तपासणी. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी पत्ता असतो तो लिहून घ्या. मग घरच्याच नेटवरून, आपला आयपी दाखवणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर जा. दोन्ही पत्ते एकच असतील तर तुम्हाला सार्वजनिक पत्ता मिळालेला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग चालायला हवं. वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल, तर तुम्ही कॅरिअर ग्रेड नॅटच्या मागे आहात. म्हणजे सार्वजनिक पत्ता पुरवठादाराच्या यंत्रावर आहे आणि तो तुमच्यासारख्या अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तुमच्या राउटरमधला फॉरवर्डिंगचा नियम बरोबर असूनही निरुपयोगी असतो, कारण कनेक्शन त्या राउटरपर्यंत येतच नाही. मोठ्या सोसायटीच्या गेटवर 'जोशींकडे जायचंय' एवढंच सांगणाऱ्या पाहुण्याला वॉचमन परत पाठवतो, तसं हे आहे. जोशींनी आपल्या फ्लॅटचं दार उघडं ठेवून काय उपयोग?

राउटरवरचा पत्ता १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर लगेच पुरवठादाराला दोष देऊ नका. फायबर घेताना भिंतीवर लावलेला ओएनटी (फायबरचा मोडेम) हाही बहुतेक वेळा राउटरच असतो आणि त्याच्यामागे आपण स्वतःचा राउटर लावलेला असतो. दुहेरी नॅट. तेव्हा ओएनटीच्या पानावर जाऊन त्याचा वॅन पत्ता पाहा. तो सार्वजनिक असेल तर ओएनटी ब्रिज मोडवर (स्वतः राउटर न होता सगळं तुमच्या राउटरकडे सोपवण्याच्या सेटिंगवर) टाकायला सांगितलं की काम झालं. गावाकडे स्थानिक केबलवाल्याकडून नेट घेतलं असेल तर त्याचंही स्वतःचं नॅट असू शकतं. मग ब्रिज मोडने काही साधत नाही.

हे असं का झालं, तर पत्ते संपले म्हणून. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि एप्रिल २०११ मध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठा शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. १००.६४ पासूनची ती मालिका एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. त्यानंतर वाढलेल्या पुरवठादारांकडे ग्राहक कोट्यवधी आणि जुने पत्ते मोजके, अशी स्थिती आहे. त्यामुळे भारतातल्या घरगुती कनेक्शनवर हे नॅट असणं नेहमीचंच. कस्टमर केअरशी वाद घालून ते निघत नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता जादा पैशांत मिळतो का, एवढं मात्र जरूर विचारा. काही ठिकाणी मिळतो, काही ठिकाणी फक्त व्यावसायिक कनेक्शनवर. मिळाला आणि दर परवडला तरी घेण्याआधी एक प्रश्न विचारा: आत येणारे कोणते पोर्ट तुम्ही बंद ठेवता? २५, ८०, ४४३ आणि ४४५ हे घरगुती कनेक्शनवर बंद ठेवण्याची प्रथा अनेक पुरवठादारांकडे आहे. एखादा २२ सुद्धा बंद ठेवतो.

सार्वजनिक पत्ता आहे आणि फक्त २२ बंद आहे, अशी परिस्थिती निघाली तर उपाय सोपा. राउटरमध्ये बाहेरचा पोर्ट एखादा मोठा आकडा, आतला २२. सर्व्हरवर काहीही बदलायची गरज नाही. तरी सर्व्हरवरच बदलायचा असेल तर उबुंटू २२.१० पासून एसएसएच सॉकेट ॲक्टिव्हेशनने (आधी यंत्रणा पोर्टवर ऐकते, कनेक्शन आलं की एसएसएच उठवते) सुरू होतं हे लक्षात ठेवा. त्यामुळे एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलून नुसती सेवा रीस्टार्ट केली, तर जुनाच पोर्ट चालू राहिलेला दिसू शकतो. सिस्टिमडी (सेवा चालू-बंद करणारा लिनक्सचा भाग) रीलोड करून एसएसएचचं सॉकेट युनिट रीस्टार्ट करा आणि एसएस कमांडने खरोखर कुठला पोर्ट ऐकतोय ते पाहा. फेडोरा किंवा रेड हॅटच्या कुटुंबातलं काही असेल तर एसई-लिनक्सला (तिथल्या सुरक्षा व्यवस्थेला) नवा पोर्ट कळवावा लागतो, नाहीतर सेवा उठतच नाही.

पण तुमची लक्षणं पाहता मला नॅटचाच संशय आहे. तिथून पुढे सगळ्या उपायांचं सूत्र एकच: बाहेरून आत शिरायचा नाद सोडायचा आणि घरच्या सर्व्हरने स्वतःहून बाहेर कनेक्शन काढायचं. नॅट बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही, आणि एकदा गेलेल्या कनेक्शनवरून उत्तरं परत येऊ देतं. आपण त्याच वाटेने आत यायचं.

त्याआधी एक अपवाद, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, लांब पद्धत. इथे पत्त्यांची टंचाई नाही, त्यामुळे नॅटही नाही. भारत आयपीव्ही६ च्या वापरात जगात आघाडीच्या देशांत आहे आणि मोबाइल डेटावर तर ते सर्रास मिळतं. सर्व्हरवर आयपीचा पत्ता पाहा. २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तो जगभरातून गाठता येण्याजोगा आहे. एफई८० ने सुरू होणारा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो, त्याच्यावर जाऊ नका. मग राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तेवढ्या सर्व्हरसाठी तेवढा पोर्ट उघडायचा. पुरवठादाराने दिलेल्या स्वस्त राउटरमध्ये हे सेटिंग नसतं किंवा लपवलेलं असतं, आणि गाडी बहुधा तिथेच अडते. शिवाय पत्त्याचा पुढचा भाग पुरवठादार अधूनमधून बदलतो, तेव्हा डायनॅमिक डीएनएसमध्ये फोर-ए (आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद सर्व्हरनेच अद्ययावत करायला हवी, आणि तीही तात्पुरत्या प्रायव्हसी पत्त्याची नको, कायमच्या पत्त्याची हवी. जिथून लॉगिन करणार तिथेही आयपीव्ही६ लागतं. ऑफिस, हॉटेल, रेल्वे स्टेशनचं वायफाय इथे ते नसतं असंच धरून चाला. म्हणून मी याला जोडरस्ता मानतो, मुख्य रस्ता नाही.

मुख्य रस्त्यासाठी मला स्वतःला उलटा एसएसएच बोगदा सगळ्यात जास्त आवडतो. नवीन सॉफ्टवेअर शून्य. लागतो फक्त एक छोटा भाड्याचा व्हीपीएस (डेटासेंटरमधला आभासी सर्व्हर), ज्याला सार्वजनिक पत्ता आहे. मुंबई किंवा बेंगळुरूतल्या डेटासेंटरमधला घ्या. परदेशातला घेतलात तर प्रत्येक अक्षर समुद्रापार जाऊन येतं आणि टायपिंग जड वाटतं. सगळ्यात लहान मशीन पुरतं, कारण काम फक्त इकडचं तिकडे पोचवण्याचं आहे. महिन्याला चार-पाचशे रुपयांत भागतं.

रचना अशी. सांगलीचा लॅपटॉप व्हीपीएसला एसएसएच करतो आणि रिमोट फॉरवर्डचा पर्याय, म्हणजे मोठा आर, वापरून सांगतो, "तुझ्याकडच्या लोकलहोस्टच्या २२२२ वर जे येईल ते माझ्या २२ वर आणून दे." लोकलहोस्ट म्हणजे ते यंत्र स्वतः. तुम्ही पुण्याहून आधी व्हीपीएसवर आणि तिथून त्याच्याच २२२२ वर जाता. दोन टप्पे हाताने करायची गरज नाही, प्रॉक्सीजंपचा पर्याय, म्हणजे मोठा जे, ते एका दमात करतो. तुमच्या लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये 'सांगली' नावाची नोंद केलीत की 'एसएसएच सांगली' एवढंच टाइप करायचं. प्रॉक्सीजंपमध्ये आतलं एन्क्रिप्शन तुमच्यापासून सांगलीपर्यंत अखंड असतं, मधल्या व्हीपीएसला त्यातलं काही वाचता येत नाही. एजंट फॉरवर्डिंग (तुमची लॉगिनची किल्ली पुढच्या यंत्रावरून वापरू देणारी सोय) मात्र व्हीपीएसवर चालू करू नका. ते मशीन कोणी ताब्यात घेतलं, तर कनेक्शन चालू आहे तोवर तुमच्या किल्ल्या त्याला वापरता येतात.

काही ठिकाणी गेटवेपोर्ट्स 'यस' करून व्हीपीएसचा २२२२ सगळ्या जगाला खुला करायला सांगतात. करू नका. मूळ सेटिंगमध्ये तो पोर्ट फक्त व्हीपीएसच्या लोकलहोस्टवर असतो, आणि तेच हवं.

बोगदा हाताने उभा करणं दोन मिनिटांचं काम आहे. तो महिनोन्‌महिने न पाहता उभा राहिला पाहिजे, ही खरी गोष्ट, आणि लोक इथेच अडकतात. ठरलेलं संकट म्हणजे वीज. सांगलीत वीज गेली, राउटर बंद पडला, कनेक्शन निरोप न घेता तुटलं. व्हीपीएसला हे कळलेलंच नाही. त्याच्या दृष्टीने जुनं कनेक्शन जिवंत आहे आणि २२२२ त्याच्याकडेच अडकलेला आहे. वीज आली, लॅपटॉपने नवं कनेक्शन काढलं, फॉरवर्ड मागितला, व्हीपीएसने पोर्ट मोकळा नाही म्हणून नाकारला. आता गंमत बघा: एसएसएच एवढ्याने बंद होत नाही. फॉरवर्डशिवाय ते जोडलेलंच राहतं. प्रोसेस चालू, कनेक्शन चालू, आणि बोगदा नाही. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

याला तीन सेटिंगं लागतात आणि तिन्ही हवीत. घरच्या बाजूला एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर 'यस', म्हणजे फॉरवर्ड मिळाला नाही तर एसएसएच स्वतः बंद पडेल आणि पुन्हा प्रयत्न होईल. घरच्याच बाजूला सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० आणि काउंटमॅक्स ३, म्हणजे दीड मिनिट उत्तर नाही आलं की कनेक्शन मेलं असं समजेल. आणि व्हीपीएसच्या एसएसएचडीमध्ये क्लायंटअलाइव्हइंटरव्हल तितकंच, म्हणजे तिकडचं भूतही दीड मिनिटात सुटेल. हे तिसरं बहुतेक जण लावत नाहीत.

बोगदा चालू ठेवायला जुनी माणसं ऑटोएसएसएच सांगतील. वाईट नाही, पण सिस्टिमडी असताना त्याची गरज नाही. एक सेवा लिहा, रीस्टार्ट 'ऑलवेज' ठेवा आणि रीस्टार्टसेक १५ किंवा ३० द्या. हा आकडा विसरू नका. तो दिला नाही तर सिस्टिमडी सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा प्रयत्न करतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा अपयश आलं की कायमचा नाद सोडतं. वीज आल्यावर लॅपटॉप नेटच्या आधी तयार होतो, पाच प्रयत्न सेकंदभरात वाया जातात आणि सेवा 'फेल्ड' म्हणून पडून राहते. मग आठवडाभर तुम्ही पुण्यात, सर्व्हर सांगलीत ठणठणीत, आणि मध्ये काही नाही.

व्हीपीएसवर बोगद्यासाठी वेगळा वापरकर्ता करा, ज्याला शेल (कमांड देण्याची सोय) नाही. त्याच्या ऑथोराइज्ड कीजमध्ये (मान्य किल्ल्यांच्या फाइलमध्ये) त्या किल्लीपुढे 'रिस्ट्रिक्ट', 'पोर्ट-फॉरवर्डिंग' आणि 'परमिटलिसन' लिहून फक्त लोकलहोस्टचा २२२२ मोकळा ठेवा. परमिटलिसन ओपनएसएसएच ७.८ पासून आहे, त्यामुळे आजच्या कुठल्याही वितरणात चालेल. सांगलीचा लॅपटॉप उद्या चोरीला गेला तर चोराच्या हाती व्हीपीएसचा ताबा जायला नको, एवढाच हेतू.

तुम्हाला फक्त टर्मिनल नको असेल, कॅमेऱ्याचं पान, राउटरचं पान, फोटोंचं ॲप असं अख्खं घर हवं असेल, तर त्याच व्हीपीएसवर वायरगार्ड हे व्हीपीएन (यंत्रांमध्ये एन्क्रिप्टेड खाजगी वाट काढणारं साधन) बसवा. लिनक्स कर्नलमध्ये ते ५.६ पासून, म्हणजे मार्च २०२० पासून आहे. घर आणि तुमचा फोन दोघेही व्हीपीएसला जोडतात आणि एका खाजगी नेटवर्कमध्ये येतात. घरच्या बाजूला पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर नॅट शांत पडलेली यूडीपीची (कायमची जोडणी न करता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीची) वाट विसरून जातं आणि आत येणारं पॅकेट हरवतं. नेहमीचा पोर्ट ५१८२० यूडीपी. किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्यांना ते दिसतही नाही. हा त्याचा मोठा गुण.

वायरगार्डवर एक लक्षण वारंवार दिसतं: लॉगिन होतं, छोट्या कमांड चालतात, पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली की स्क्रीन गोठते. लोक फायरवॉल शोधत बसतात. बहुतेक वेळा तो एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, बाइटमध्ये) प्रश्न असतो. वायरगार्ड १४२० धरून चालतं. वाटेत पीपीपीओई (पुरवठादाराकडे नाव-पासवर्डने जोडण्याची पद्धत) असेल तर १४१२ लागतं, आणि मोबाइल नेटवर त्याहून कमी. १२८० करून पाहा. गोठणं थांबलं तर निदान पक्कं, मग हवं तर हळूहळू वाढवा.

आता टेलस्केल. ज्याला व्हीपीएस सांभाळायचा नाही त्याला मी सरळ हेच सांगतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. आतून ते वायरगार्डच आहे. किल्ल्यांची देवाणघेवाण आणि नॅटमधून वाट काढणं कंपनीचे सर्व्हर बघतात. थेट वाट निघाली नाही तर ४४३ वरून त्यांच्या रिले सर्व्हरमार्फत माहिती जाते, हळू पण जाते. घरी एक प्रोग्राम, फोनवर एक ॲप, एकाच खात्याने साइन-इन, झालं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिली, प्रत्येक यंत्राची किल्ली ठराविक मुदतीने बाद होते. नेहमीचं सेटिंग १८० दिवसांचं आहे. सर्व्हरसाठी ती मुदत ॲडमिन पानावर जाऊन बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी एके दिवशी सर्व्हर काहीच कारण नसताना गायब होईल. दुसरी, ते यंत्रांना जे पत्ते देतं तेही १००.६४ च्याच मालिकेतले असतात. म्हणून सर्व्हरवर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला की पुरवठादाराचं नॅट सापडलं असं समजू नका. तो राउटरच्या पानावरच पाहायचा. साइन-इनचा भार दुसऱ्या कंपनीवर टाकायचा नसेल तर हेडस्केल नावाचा मुक्त पर्याय स्वतःच्या व्हीपीएसवर चालवता येतो, पण मग पुन्हा व्हीपीएस आलाच.

क्लाउडफ्लेअर टनेलही याच जातीचं आहे. घरातून एक प्रोग्राम बाहेर ७८४४ पोर्टवर जोडतो आणि तुमच्या डोमेनच्या नावाने सेवा बाहेर दिसते. ब्राउझरमध्येच टर्मिनल मिळण्याची सोय आकर्षक आहे, पण त्या सोयीत एसएसएचचं एक टोक त्यांच्या सर्व्हरवर असतं, तुमच्या यंत्रावर नाही. मला ते घरच्या सर्व्हरसाठी पटत नाही. वेबसाइट जगाला दाखवायची असेल तर उत्तम.

आता ऑफिसची बाजू. इथे आधी एक चाचणी करा. गिटहब (प्रोग्रामचा कोड ठेवण्याचं संकेतस्थळ) आपलं एसएसएच नेहमीच्या २२ शिवाय 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम' या नावावर ४४३ वरही देतं. ऑफिसच्या नेटवरून 'गिट' या वापरकर्त्याने तिथे ४४३ वर एसएसएच करून पाहा. 'परमिशन डिनाइड, पब्लिक की' असं उत्तर आलं तर तो विजय समजा. तुमची किल्ली तिथे नोंदवलेली नाही एवढंच, पण कनेक्शन पोचलं. म्हणजे ऑफिसची फायरवॉल फक्त पोर्टचा आकडा बघते. मग व्हीपीएसच्या एसएसएचडीला २२ सोबत ४४३ वरही ऐकायला लावा. कॉन्फिगमध्ये पोर्टच्या दोन ओळी चालतात. व्हीपीएसच्या ४४३ वर आधीच वेबसाइट असेल तर एसएसएलएच नावाचा छोटा प्रोग्राम पुढे बसवतात. तो पहिली काही अक्षरं बघून एसएसएच एकीकडे आणि वेब दुसरीकडे पाठवतो.

चाचणी नापास झाली तर फायरवॉल आतला मजकूर ओळखते. ते अवघड नसतं, कारण एसएसएच सुरुवातीलाच 'एसएसएच-२.०' असं स्वतःचं नाव उघड अक्षरांत सांगतं. पोर्टचा आकडा कुठलाही असो. यावर एसटनेलसारख्या साधनाने एसएसएच टीएलएसच्या (सुरक्षित वेबसाइट वापरतात त्या एन्क्रिप्शनच्या) आत गुंडाळता येतं, आणि ऑफिसचा प्रॉक्सी टीएलएसही उघडून तपासत असेल तर तेही अडतं. पण या टप्प्यावर माझा सल्ला थांबायचा आहे. आकडा बंद असणं हे बहुतेक वेळा जुन्या नियमांचं काम असतं, मजकूर तपासून एसएसएच अडवणं हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. बोगदा दोन्ही बाजूंना उघडतो. घरच्या सर्व्हरवर काही घुसलं तर त्याला ऑफिसच्या आतली वाट मिळते, आणि चौकशीत नाव तुमचं येतं. आयटीवाल्यांना मेल करून विचारा. नाही म्हणाले, तर स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा, आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवरूनच लॉगिन. ऑफिसच्या लॅपटॉपला हॉटस्पॉट जोडून केलंत तरी लॅपटॉप त्यांचाच असतो, हेही ध्यानात असू द्या.

लोकल किंवा एसटीतून लॉगिन करणार असाल तर मॉश (एसएसएचसारखाच लॉगिनचा प्रोग्राम) पाहा. नेट तुटून पुन्हा आलं तरी सत्र तसंच राहतं. त्याला ६०००० ते ६१००० मधला यूडीपी लागतो, त्यामुळे ते वायरगार्ड किंवा टेलस्केलच्या आत चालवणं सोयीचं. उलट्या एसएसएच बोगद्यातून चालणार नाही, तिथे टीमक्स (सर्व्हरवर सत्र जिवंत ठेवणारा प्रोग्राम) वापरा.

सुरक्षेबद्दल थोडंच सांगतो. पोर्ट २२ ऐवजी २२२२ केला की लॉगमधला कचरा कमी होतो, सुरक्षितता वाढत नाही. २२२२ सुद्धा सगळे स्कॅनर तपासतात. पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद, ईडी२५५१९ प्रकारची किल्ली, रूटला (मुख्य ॲडमिन खात्याला) थेट प्रवेश नाही, आणि आपोआप सुरक्षा अपडेट चालू. या चार गोष्टी आधी, बाकी सगळं नंतर. जुलै २०२४ मध्ये रिग्रेशियन नावाची त्रुटी जाहीर झाली, ती लॉगिनच्याही आधी एसएसएचडीमध्ये घुसू देणारी होती. अशा वेळी ज्यांच्या घरचा पोर्ट जगाला उघडा नव्हता त्यांना घाई करावी लागली नाही. त्या अर्थाने पुरवठादाराच्या नॅटचे उपकारच आहेत. आणि विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, पोर्ट ३३८९, कधीही थेट बाहेर उघडू नका. २०१९ मध्ये सापडलेली ब्लूकीप त्रुटी पुरेशी समज द्यायला हवी होती, तरी अजून लोक उघडतात.

लॅपटॉप सर्व्हर म्हणून चांगला, बॅटरी हाच यूपीएस. पण बॅटरी पूर्ण उतरून बंद पडला तर वीज आल्यावर तो आपोआप सुरू होईलच असं नाही. डेस्कटॉपच्या बायॉसमध्ये ती सोय असते, लॅपटॉपमध्ये क्वचित. म्हणून राउटर आणि ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, म्हणजे साध्या भारनियमनात नेट पडणारच नाही. झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून लॉगइनडीच्या कॉन्फिगमध्ये हँडललिडस्विच 'इग्नोर' करा. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर रीबूटनंतर ती सांकेतिक वाक्य मागत थांबते. ते टाइप करायला घरी कोण आहे याचाही विचार करा.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? आज टेलस्केल. घरी कोणाला तरी फोनवर सांगून लॅपटॉपवर दोन कमांड टाइप करून घेता येतील, साइन-इनची लिंक तुम्ही पुण्यात उघडायची. त्यावरून आत शिरून निवांत व्हीपीएसचा बोगदा उभा करायचा, म्हणजे एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन वाटा होतात. एक बिघडली की दुसरीने जाऊन दुरुस्त करता येते. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि डायनॅमिक डीएनएस दोन्ही काढून टाका, आता त्यांचं काम नाही.

आणि सांगलीला जाल तेव्हा परत निघायच्या आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून चालू करा, हात न लावता थांबा, आणि मोबाइल डेटावरून दोन्ही वाटांनी आत जाऊन बघा. पुढे पुण्यात बसून एसएसएचडीचं कॉन्फिग बदलाल तेव्हा आधी एसएसएचडीला छोटा टी देऊन कॉन्फिग तपासा आणि जुनं सत्र उघडं ठेवूनच नव्या खिडकीतून लॉगिन करून पाहा. फायरवॉल बदलायची असेल तर आधी 'ॲट' कमांडने दहा मिनिटांनी यूएफडब्ल्यू बंद करायचं काम लावून ठेवा. सगळं नीट चाललं तर ते काम रद्द करायचं, नाही चाललं तर दहा मिनिटं चहा घ्यायचा.